पाहुण्याचा तांब्या

तिसऱ्या स्थळाचा नकार आला तेव्हा कुंडलिक छपरावर बसून, मुळीच न गळणारं छप्पर शाकारत होता.

खाली अंगणात सोनबा उभा होता. सोनबा म्हणजे नसरापूरच्या पंचक्रोशीत सोयरिकी जुळवणारा माणूस. गावोगाव हिंडायचं, दोन्ही घरी जेवायचं आणि जुळलं तर फेटा घ्यायचा, एवढाच त्याचा धंदा. उन्हात ताटकळणं त्या धंद्यात बसत नव्हतं, म्हणून तो जरा चिडलेलाच होता.

"कुंडलिकराव, खाली या. निरोप हाय."

"वरनंच ऐकतो. कान संगंच आनल्यात."

"पोरगी द्यायची न्हाई म्हनत्यात."

"बरं. आता आलायसच, तर ती पेंढी वर फेक."

सोनबानं पेंढी फेकली नाही. कुंडलिकची बायको बयाबाई उंबऱ्यात उभी राहून हे ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

वास्तविक तिच्या मुलात, गेनूत, नाव ठेवायला जागा नव्हती. वीस-एकवीसचं वय, अंगापिंडानं भरलेला, कुणाला उणं न बोलणारा. भाताची खाचरं घरची, दावणीला बैलजोडी, एक दुभती म्हैस. आडवा येत होता तो पोराचा बाप. व्यसन म्हटलं की लोकांना बाटली दिसते, चिलीम दिसते. कुंडलिकला सुपारीसुद्धा वर्ज्य होती, कारण ती कातरायला बसावं लागतं. त्याला कामाचं व्यसन होतं, आणि हे व्यसन मोठं लबाड. दारुड्याला लोक चार शिव्या तरी देतात. कुंडलिकला मात्र "कसा राबतोय बघा" म्हणत आणि आपापल्या घरी जाऊन आडवे होत. मंगळवारी गाव औत धरत नसे. कुंडलिकही धरत नसे. बैलांना दावणीला ठेवून तो स्वतः कुदळ धरी. बैलांना विसावा, देवाला मान आणि बयाबाईला ताप, अशी त्याच्या मंगळवारची वाटणी होती.

पहिल्या स्थळाची माणसं घर बघायला आली तेव्हा वाल काढणीला आला होता. "जेवन व्हईस्तवर येवढा वाफा उरकू," म्हणून कुंडलिकनं पाहुण्यांच्या हातात विळे दिले. मुलीचा मामा भोरात कारकून होता. त्यानं जन्मात टाकाखेरीज काही धरलं नव्हतं. तो अंगठ्याला हळद बांधून परत गेला, आणि सोयरीकही त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या स्थळी कुंडलिक स्वतः मुलगी बघायला गेला, तर त्यांचं दार करकरत होतं. त्यानं ते बिजागरीतून काढलं, तासलं, पुन्हा बसवलं. तोवर मुलगी येऊन, गूळपाणी ठेवून, नमस्कार करून आत गेली होती. घरी आल्यावर बयाबाईनं विचारलं, "कशी हाय?" तर हा म्हणाला, "सागवानी हाय, पन खाली वाळवी लागलीया." आणि तिसऱ्या स्थळापर्यंत तर कीर्ती आधीच पोचली होती.

बयाबाई आतून आली ती तरातरा छपराकडंच गेली, आणि तिनं शिडी काढून भुईवर आडवी टाकली.

"अवं, आता ऐका," ती म्हणाली. "आता कुठं जाशीला?"

"बये, शिडी लाव. सांज व्हायच्या आत ती कड धरायचीया."

"मला सून पायजे. मला ह्या घरात माणूस पायजे."

"म्या हाय की."

"तुमी छपरावर हायसा," बयाबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुंडलिकला वरून दिसलं नाही.

सोनबानं मग घसा खाकरला आणि खरी गोष्ट काढली. एक चौथं स्थळ होतं. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात. आनंदरावांची मुलगी बना. घर चांगलं, मुलगी गुणाची. पण त्या घरात चालायचं मुलीच्या आईचं, ठकुबाईचं, आणि ठकुबाईनं अट घातली होती. पोराच्या बापाबद्दल लई ऐकलंया, म्हणाली. त्यानं आमच्याकडं तीन दिवस पाहुणा म्हणून राहावं. पाहुण्यानं काडी हलवायची नसते. तीन दिवसांत काडी हलली तर सोयरीक मोडली, आणि नाही हलली तर नारळ तिथंच फोडू.

"आन् ही शेवटली सोयरीक," सोनबा म्हणाला. "ह्याच्या फुडं मला गेनूसाठी कोकनात उतरावं लागंल."

कुंडलिक वरून हसला. "हात्तिच्या! तीन दिस? मनात आनलं तर म्हैनाभर बसंन. मला काय कामाचं याड लागलंया?" हे बोलताना त्याचे हात एक पेंढी बांधून दुसरी बांधायला लागले होते.

मग दोन दिवस सोनबानं त्याला बसायला शिकवलं. अंगणात बाज टाकली, दोघं तिच्यावर बसले. सोनबा या विषयातला अधिकारी पुरुष होता. "बसनं म्हंजे नुसतं बूड टेकवनं न्हवं," तो म्हणाला. "मन बी टेकाय पायजे. आता फुडं बघा. काय दिसतंय?"

"कुंपान. तिसऱ्या मेढीपाशी ढिलं झालंया."

"कुंपान बघू नका. आभाळ बघा."

कुंडलिकनं आभाळ पाहिलं. आभाळात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळं त्याला लगेच गरगरायला लागलं. हात मात्र आपले आपण खाली गेले, बाजेच्या सुतळ्या चाचपू लागले, आणि एक सैल लागली ती सोडून ताणायला लागले. दुसरा धडा निम्म्यावर असताना सोनबा बाजेतून खाली गेला.

माघ महिना होता. कुंडलिक दिवस उगवायच्या सुमारास निघाला आणि दुपार कलताना गुंजवण्यात पोचला. वाटेत त्यानं काही केलं नाही. एके ठिकाणी ओढ्यावरचे पायदगड हलत होते ते फक्त बसवले. अट पाहुणा झाल्यापासूनची होती आणि तो अजून वाटसरू होता, असा त्यानं स्वतःशी निवाडा केला. व्यसनी माणसासारखा कायदेपंडित दुसरा नाही.

आनंदरावांनी पायांवर पाणी घातलं, ओट्यावर घोंगडं अंथरलं आणि ते शेजारी बसले. पाहुणा असेल तोवर यजमानानं त्याला एकटं सोडायचं नाही, ही त्या गावची रीत. आनंदराव मोठे भारदस्त गृहस्थ होते. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून ते असे बसले की कुंडलिकला त्यांचा हेवाच वाटला. याला म्हणतात बसणं, तो मनात म्हणाला. या माणसानं जन्मभर दुसरं काही केलं नसेल.

"यंदा थंडी हाय," आनंदराव म्हणाले.

"हाय."

"गेल्या साली बी व्हती."

"व्हती."

यावर दोघांचंही बोलणं संपलं. समोर गड होता, तोच बघत दोघं बसले. दोघांना मिळून सांगण्यासारख्या गोष्टी किती, तर थंडी. बाकीची पन्नास वर्षं दोघांनीही खाली मान घालूनच काढलेली असावीत, असं कुणालाही वाटलं असतं; पण कुंडलिकला वाटलं नाही. आतून ठकुबाई दाराच्या फटीतून बघत होती, आणि तिच्यामागं बना. दिवस मावळेपर्यंत कुंडलिकनं काडी हलवली नाही. जेवायला बसला तेव्हा त्याची बोटं इतकी शिवशिवत होती की त्यानं भाकरीचे सारखे तुकडे करून ताटात ओळीनं मांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तांब्या उचलला आणि तो परसाकडं निघाला. तांब्या घेतलेल्या माणसाला कुणी "कुठं चाललास" म्हणून विचारत नाही आणि त्याच्या मागं कुणी जात नाही. आपल्याकडची ही केवढी मोठी सोय आहे, हे कुंडलिकला आजवर कळलं नव्हतं.

घरामागं टेकाडाला वळसा घातला की आनंदरावांची खाचरं लागत. तिथं गेल्या पावसात दगडी बांध फुटून पडला होता. चांगला सात-आठ हात. दगड खाली खाचरात विखुरले होते आणि कुणीही त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं. कुंडलिकनं पाहिलं. तहानलेल्या माणसापुढं कुणी घागर ठेवावी आणि पिऊ नको म्हणावं, तसं त्याचं झालं.

एक दगड, तो म्हणाला. एक दगड उचलणं म्हणजे काही काम नव्हे. पायात आला म्हणून बाजूला ठेवला, इतकंच.

तो बाजूला ठेवलेला दगड नेमका बांधावर बसला. मग त्याला एकटं वाटू नये म्हणून दुसरा ठेवला. दुसऱ्याखाली फट राहिली ती कपची घालून बुजवली. असं करत कुंडलिक परत आला तेव्हा न्याहारीच्या भाकऱ्या थंड झाल्या होत्या.

"पावन्यास्नी येळ लागला," ठकुबाई म्हणाली.

"व्हय. जरा... प्वाट."

हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तिथून पुढं सगळं बिघडलं. दुपारपर्यंत तो तीनदा तांब्या घेऊन गेला. दर वेळी "आता हा शेवटला" असं ठरवून जाई आणि घामानं निथळून, कमरेवर हात धरून, लाल चेहऱ्यानं परत येई. यावरून ज्याला जो निष्कर्ष काढायचा तो काढता येत होता, आणि ठकुबाईनं काढला. तिनं डाळिंबाची साल उकळून आणली. काढा असा की जीभ टाळूला चिकटावी. कुंडलिक तो प्याला. जेवणात सगळ्यांना वालाची आमटी आणि भाकरी, आणि त्याला मऊ भात नि ताक. एवढे दगड उचलून मऊ भातावर राहायचं म्हणजे काय, ते ज्यानं उचललेत त्यालाच ठाऊक. पण बोलणार काय? खरं सांगावं तर सोयरीक मोडते, खोटं रेटावं तर काढा प्यावा लागतो. त्यानं काढा निवडला, कारण काढा पिऊन पुन्हा जाता येत होतं.

तिसऱ्या प्रहरी मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. आनंदराव उठले, त्यांनी पोट धरलं आणि कोनाड्यातला दुसरा तांब्या घेतला. "पावन्याचं मला बी लागलं वाटतं," असं पुटपुटत तेही गेले, आणि चांगल्या तासाभरानं आले.

कुंडलिक गडबडला. आपल्याला काहीच झालेलं नाही, मग यांना आपलं काय लागलं? खोट्या दुखण्याची लागण खरी होते की काय? बिचाऱ्या भल्या माणसाला आपल्या लबाडीपायी रोग जडला म्हणून त्याला फार वाईट वाटलं. संध्याकाळी दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसून काढा प्याले आणि एकमेकांकडं न बघता तोंडं वाकडी करत राहिले.

ठकुबाईचं तर डोकं फिरायची वेळ आली. पाहुणा आजारी पडला तर पाहुण्याचा दोष. धनीही पडला म्हणजे चुलीचा दोष. तिनं रांजण उपसला, लोणचं उन्हात ठेवलं, बनाला दोन हंडे पाणी जादा आणायला लावलं. "आमच्या हितं आल्यावर मानसं आजारी पडत्यात, आसं नसरापूरच्या बाजारात सांगत्याल," ती चुलीपाशी बसून म्हणाली, आणि तिला खरोखरच रडू आलं.

त्या दिवशीच्या शेवटच्या खेपेला गेलेल्या कुंडलिकला बांधापाशी घाम फुटला. बांध वाढला होता. त्यानं टाकला होता त्यापेक्षा चांगला दीड हात जास्त, आणि दुसऱ्या टोकाकडून. दगड अगदी ताजे, खालच्या अंगाला ओली माती. त्यानं मोजून बघितलं, डोकं खाजवलं. एक तर आपल्याला काम केलेलं आठवेनासं झालं आहे, किंवा या गावचा भैरोबा स्वतः बांध घालतो. दोन्हींपैकी दुसरं बरं म्हणून त्यानं भैरोबाला हात जोडले, आणि देवाला हातभार म्हणून आणखी चार दगड लावले.

तिसरा दिवस उजाडला. हा एक दिवस नीट गेला की नारळ फुटणार होता. कुंडलिकनं ठरवलं, आज तांब्याला शिवायचं नाही. हा निश्चय त्यानं तांब्या उचलतानाच केला. बांधाला जेमतेम हातभर तोंड उरलं होतं, आणि हातभर राहिलेलं काम सोडून जो माणूस जेवू शकतो त्याला कुंडलिक माणूस म्हणत नसे.

टेकाडाला वळसा घालून तो खाली उतरला आणि जागच्या जागी थिजला. बांधाच्या दुसऱ्या टोकाला तांब्या ठेवलेला होता. तांब्याशेजारी आनंदराव होते. धोतराचा काचा मारलेला, छातीशी मोठा दगड धरलेला, आणि चेहऱ्यावर असं समाधान की ओट्यावर दोन दिवसांत कुंडलिकनं पाहिलं नव्हतं.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आनंदरावांना दगड टाकताही येईना आणि धरवेनाही.

"प्वाट कसं हाय, पाव्हनं?" शेवटी आनंदराव म्हणाले.

"बरं हाय. तुमचं?"

"माझं बी बरंच हाय."

"मंग दगड ठेवा की खाली. लागंल."

आनंदरावांनी दगड ठेवला. खाली नव्हे, बांधावर. मग दोघांनाही हसू फुटलं आणि आनंदराव डोळे पुसत बोलले. "पाव्हनं, दोन दिस बसून माझं कंबारडं गेलं. तुमचं बसनं बघून मला शरम वाटाय लागली. म्हनलं, काय मानूस हाय, हालत बी न्हाई!"

"आन् म्या तुमाला गुरू मानला व्हता!"

तिथं जर दोघं गप्प बसले असते, तर उरलेला हातभर बांध मुकाट्यानं भरून, एकेक तांब्या घेऊन, पोट धरत घरी गेले असते आणि नारळ फुटला असता. पण कुंडलिकची नजर आनंदरावांनी आत्ता ठेवलेल्या दगडावर गेली.

"पाव्हनं, राग मानू नका. पन त्यो दगड भाईर कललाय."

"पान्याला वाट नगं? भाईरच कलता पायजे."

"भाईर? आवं, दगड आत कलता बसवायचा, मंग माती त्याला धरती. पैल्या पुरात तुमचा बांध गुंजवनी नदीला जाऊन मिळंल."

"आमी चाळीस वर्सं आसंच बांध घालतुया!"

"म्हनूनच पडलाय न्हवं!"

आनंदरावांचा आवाज चढला. कुंडलिकचाही चढला. कुंडलिकनं तो दगड काढला, आनंदरावांनी तो पुन्हा ठेवला, कुंडलिकनं पुन्हा काढला. पोटाच्या विकारानं अर्धमेली झालेली दोन माणसं एका दगडाला दोन्हीकडून धरून अशी ओरडत होती की गडावरच्या घारी उठल्या. मग टेकाडावरून कुणीतरी म्हणालं, "आन् त्यो दगड काय सोन्याचा हाय?"

वर ठकुबाई उभी होती. तिच्या हातात काढ्याची वाटी होती. मागं बना होती, डोईवर शेणाची पाटी घेऊन.

दोघांनी दगड सोडला. तो कुणाच्याच पायावर पडला नाही, एवढंच त्या सकाळी बरं झालं.

ठकुबाई खाली आली. तिनं बांध पाहिला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. दोन तांबे पाहिले, दोन्ही काठोकाठ भरलेले. मग तिनं तो काढा शांतपणे खाचरात ओतून दिला. ती ओरडली असती तर कुंडलिकला सोपं गेलं असतं.

"वैनी," तो म्हणाला, "चूक माझी हाय. काडी न्हाई हालवली, पन..." त्यानं बांधाकडं पाहिलं.

"तुमची परीक्षा घ्यायला म्या बोलवलंच न्हवतं," ठकुबाई म्हणाली. "मानसाचं आडनाव बदलंल, खोड बदलत न्हाई, ह्ये मला ठावं हाय. म्या बोलवलं ते ह्यांच्यासाठी. पावना आला का घरधन्याला त्याच्यासंगं बसावं लागतं. म्हनलं, लेकीच्या निमित्तानं का व्हईना, तीन दिस तरी हे घरात बसत्याल. तीस वर्सं झाली लगनाला. म्या ह्यांचं त्वांड अंतरपाट धरला तवा बघितलं. मंग पाठच बघतीया. वाकलेली."

आनंदराव तांब्यात बघत होते, जणू आत काही लिहिलं आहे.

"आन् म्हनूनच पोरगी द्यायची का नको, ह्याचं मला कोडं पडलं," ती पुढं म्हणाली. "तुमच्या घरात आनखी एक पाठ. सांगा पावनं, माझी बना तुमच्याकडं आली, तर तिच्यासंगं बोलायला कोन हाय तितं?"

या प्रश्नाचं उत्तर कुंडलिककडं तयार होतं. त्याला बरंच वाटलं. "हाय की!" तो म्हणाला. "आमची बया हाय. लई बोलती. म्या गोठ्याच्या मागनं जातायेता ऐकतो, तासन् तास बोलत असती."

"कुनाशी?"

"म्हशीशी."

शब्द तोंडातून गेला आणि कुंडलिकला तो स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आला. बया म्हशीशी बोलते. रोज बोलते. आणि आपण मागून भारा घेऊन जातो आणि मनात म्हणतो, बाईला बोलायची फार हौस. त्याच्या छातीत काहीतरी दुखलं, आणि ते डाळिंबाच्या सालीनं बरं होण्यातलं नव्हतं. तो मटकन बांधावर बसला.

ठकुबाई हसली नाही. "म्या शेळ्यांशी," ती हळूच म्हणाली.

मग बनानं डोईवरची पाटी खाली ठेवली. मुलीनं सोयरिकीच्या गोष्टीत बोलायचं नसतं, पण एवढं सगळं झाल्यावर रीत राहिली होतीच कुठं? "आये," ती म्हणाली, "मला चालंल त्ये घर."

"का गं?"

"सासरा बांधावर ऱ्हाईल. मला सासूसंगं दिस काढायचा हाय. आन् त्या बाईला मानसाची गरज हाय." एवढं बोलून ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली आणि पाटी तिथंच टाकून घराकडं पळाली.

ठकुबाईनं लेकीच्या पाठमोऱ्या धावण्याकडं जरा संशयानं पाहिलं. मग ती दोघा पुरुषांकडं वळली. "नारळ फोडते," ती म्हणाली. "पन आधी तुमी दोघांनी हितंच बसायचं. हात मांडीखाली. आन् म्या बोलन ते ऐकायचं."

ती दुपारपर्यंत बोलली. तीस वर्षांचं साठलेलं होतं, त्या मानानं लवकर उरकलं. आनंदराव सुरुवातीला चुळबुळले, मग ऐकायला लागले, आणि एका जागी तर त्यांनी "आसं झालं व्हतं?" असं विचारलंही. त्यावर ठकुबाई अर्धं वाक्य विसरली. हातभर बांध तसाच उघडा राहिला. कुंडलिकला तो दिसत होता, पण तिकडं बघावंसं त्याला वाटत नव्हतं.

नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी न्याहारीला पोटभर आमटी-भाकरी खाऊन कुंडलिक निघाला आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचला. अंगणात कुणी नव्हतं. गोठ्यातून बयाबाईचा आवाज येत होता. तो दारातच उभा राहिला. धारेची वेळ होती. बयाबाई म्हशीच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होती आणि बोलत होती. त्याला बघून ती थांबली.

"मोडली न्हवं?" ती म्हणाली.

"जुळली."

बयाबाईच्या हातातली धार चुकून जमिनीवर गेली. तिनं देवाचं नाव घेतलं, डोळे पुसले, आणि आता हा नेहमीप्रमाणं कुदळ उचलून जाईल म्हणून वाट पाहिली. कुंडलिक गेला नाही. तो आत आला आणि गव्हाणीच्या कडेला बसला.

"म्हशीला काय सांगत व्हतीस?"

"काय न्हाई. आसंच."

"मला सांग की."

बयाबाई उठली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "तितं काय खायाला घातलं तुमाला?" तिनं विचारलं.

"काढा," कुंडलिक म्हणाला. "सांग."

आधी तिला जमेना. म्हैस मधे मधे विचारत नसे, हा विचारत होता. मग जमायला लागलं. त्या संध्याकाळी कुंडलिकला बऱ्याच बातम्या कळल्या. धाकट्या मेव्हणीला सारोळ्यात मुलगी झाली होती आणि ती आता चालत होती. बयाबाईच्या दोन दाढा गेल्या होत्या, एक आखाडात आणि एक दिवाळीत. आणि गेल्या शिवरातीला बनेश्वराच्या जत्रेत गेनूनं एक मुलगी पाहिली होती. गुंजवण्याची. दुसरं स्थळ मोडल्यावर त्यानं आईला सांगितलं होतं, करीन तर तिलाच. म्हणून तर बयाबाईनंच सोनबाला हळूच त्या घरी धाडलं होतं. बापाला सांगायचं तर बाप सापडायला हवा ना.

आपण दोन दिवस तांब्या घेऊन कशाशी खेळत होतो ते कुंडलिकला आता कळलं. त्याचे हात काम शोधायला लागले. समोर म्हशीचा खुंटा ढिला झालेला दिसत होता. दोन ठोक्यांचं काम होतं.

"म्हंजे वरीसभर मला कायच म्हाईत न्हाई?" त्यानं विचारलं.

"तुमाला न्हाई," बयाबाई म्हणाली. "हिला समदं म्हाईत हाय."

म्हशीनं मान वळवून कुंडलिककडं पाहिलं आणि ती रवंथ करत राहिली. कुंडलिकनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि म्हणाला, "दाढ दुखत व्हती तवा कुनी बघितलं तुला? पैल्यापासनं सांग."